पोरींचा खेळ

बेलमिरो रेगोच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि लग्नातला गोड पाव भट्टीतच करपला, ते साल १९७१. करपलेल्या पावाची गोष्ट अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावची पोर्तुगीज मंडळी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगत राहिली. त्याच सालच्या वसंतात आणखी एक गोष्ट घडली होती. ती मात्र कुणी सांगितली नाही. ती बेलमिरोच्याच मनात राहिली आणि त्याच्याबरोबर म्हातारी झाली.

बेलमिरो नदीकाठच्या दगडी गिरणीत रंगखात्यात होता. पडद्यांचं कापड रंगवायचं काम. त्याच्या नखांच्या कडा कधी निळ्या असत, कधी विटकरी. सुटीच्या दिवशी तो एस्त्रेला क्लबाच्या मुलांना फुटबॉल शिकवायचा. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या गिरणीवाल्यांनी हा क्लब काढला होता. तळघरात बायकांचं स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावर पुरुषांचे पत्ते आणि वाइन, भिंतीवर जुन्या संघांच्या तसबिरी. मैदान गिरणीच्या मागे. त्यात गवत नावालासुद्धा नव्हतं. बॉयलरची राख पसरून, दाबून केलेलं मैदान होतं ते. त्यावर पडलं की गुडघ्यात काळे कण रुतायचे आणि जखम भरून आली तरी कातडीखाली तसेच राहायचे. कोण खेळलेला आहे आणि कोण नुसता बढाया मारतो, ते त्या गावात गुडघ्यावरून कळायचं.

गावाचा खरा मान दुसऱ्याच फुटबॉलला होता. लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. थँक्सगिव्हिंग सणाच्या सकाळी शाळेचा सामना असला की टर्की भट्टीत ठेवून सगळं गाव मैदानावर जायचं. ज्याचा पोरगा शाळेच्या संघात, त्याला गिरणीतला फोरमन नावाने हाक मारायचा. बाकीच्यांना नुसतं ‘ए’. आणि जगभर ज्याला फुटबॉल म्हणतात त्याला तिथे सॉकर म्हणायचे, तेही नाक मुरडून. बाहेरून आलेल्यांचा खेळ, नाहीतर पोरींचा.

बेलमिरोला एकच मूल, ओदेत. पाच वर्षांची होती तेव्हापासून चेंडूंची पिशवी ओढत ती त्याच्यामागे मैदानावर यायची. आधी बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. मग पोरं कमी पडली की उभी राहायची. तेरा वर्षांची झाली तोवर ती डाव्या कडेने रोज खेळत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. राखेच्या मैदानावर सगळ्यांचे चेहरे काळेच असायचे.

तिचा डावा पाय देवाने वेगळाच घडवला होता. चेंडू त्या पायाला लागायचा तो मारल्यासारखा नाही, ठेवल्यासारखा. बेलमिरोने उभ्या आयुष्यात चांगले खेळाडू बरेच पाहिले होते. तिला तसं त्याने शिकवलं नव्हतं, आणि तसं शिकवता येतही नाही, हे त्याला ठाऊक होतं. तोंडावर मात्र तो तिला कधी चांगलं म्हणाला नव्हता. क्लबात पोरांची स्तुती करायची रीतच नव्हती. स्तुती केली की पोरगं बिघडतं, असं सगळेच बाप मानायचे.

त्या एप्रिलमध्ये टेकडीपलीकडच्या गावातला एक संघ खेळायला आला. तिथे डॉक्टर, वकील राहायचे. त्यांच्या शाळेने नव्यानेच हा खेळ सुरू केला होता. पोरांच्या अंगात इस्त्रीचे सदरे आणि त्यांचे बाप दोरीमागे हात खिशात घालून उभे. ओदेतने त्या दिवशी त्यांच्या बचावाची दाणादाण उडवली. एक गोल तिने स्वतः केला. दुसऱ्या वेळी तिने चेंडू असा वळवून आत टाकला की गोलासमोर उभ्या असलेल्या क्लबाच्या पेद्रीन्योला नुसतं डोकं लावायचं काम उरलं.

दोरीमागचा एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, “बघ, मी सांगत नव्हतो? पोरींचा खेळ आहे हा. यांनी पोरगीच उतरवलीय.”

“पुढच्या वेळी आपण बायकांना घेऊन येऊ,” शेजारी म्हणाला. “त्यांना जरा व्यायाम होईल.”

सगळे हसले. क्लबाचा अध्यक्ष लाउरेनो पाशेको तिथेच उभा होता. तो मागदुरुस्तीचं काम करायचा, आणि बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्या हसण्याने त्याचा चेहरा पडला. त्याचा स्वतःचा मुलगा आदल्या वर्षीच क्लब सोडून शाळेच्या फुटबॉलकडे गेला होता.

क्लबात त्या आठवड्यात बैठक झाली. खाली तळघरात बायका मोठ्या पातेल्यात खारवलेला कॉड मासा भिजत घालत होत्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज फळ्यांमधून वर येत होता.

“आपली पोरं का जातायत?” लाउरेनो म्हणाला. “मी माझ्या नेल्सनला विचारलं. तो म्हणतो, शाळेत चिडवतात. म्हणतात, तुझ्या क्लबात झगे पण देतात का रे? आता सांगा, आपणच पोरगी मैदानात उतरवली तर त्यांची तोंडं कोण बंद करणार?”

“ती पोरगी तुझ्या नेल्सनला चार वेळा चकवून पुढे जायची,” कोपऱ्यातून कुणीतरी बोललं.

“तेच तर म्हणतोय मी. त्यालाही लाज वाटायची.” लाउरेनो बेलमिरोकडे वळला. “तुझ्या लेकीबद्दल माझ्या मनात काही नाही रे. गुणाची आहे. पण आपण या देशात आधीच अर्धे. आपलं बोलणं यांना कळत नाही, आपला खेळ यांना कळत नाही. तो खेळही बायकी ठरला तर आपल्याकडे राहिलं काय?”

बेलमिरोला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती, दोरीमागचे ते हसणारे चेहरे. ज्यांना क्लबाच्या संघांतून मुली काढायच्या आहेत त्यांनी हात वर करा, असं लाउरेनो म्हणाला. ‘मुली’ म्हणाला, तरी मुलगी एकच होती. हात वर झाले. सगळ्यांनी बेलमिरोकडे पाहिलं आणि त्यानेही हात वर केला. निळ्या नखांचा हात.

घरी आला तेव्हा ओदेत मागच्या पायऱ्यांवर बसून बुटांना चरबी चोळत होती. त्यांचं घर तीन मजली लाकडी, मधला मजला यांचा. मागे द्राक्षाचा मांडव आणि त्यापलीकडे शेजारच्या कारखान्याची विटांची भिंत.

“पापा, शनिवारी मी कुठे खेळू? डावीकडेच ना?”

वाटेत त्याने ठरवलं होतं की बैठकीचं सांगायचं. सगळं सांगायचं. पण सांगितलं की ती विचारणार, तुम्ही काय केलंत? त्या प्रश्नाला तो भ्याला.

“शनिवारी तू नाहीस,” तो म्हणाला. “पोरं आता मोठी झाली. तू तेवढी चांगली नाहीस.”

ती रडली नाही. बूट खाली ठेवून तिने विचारलं, “कुठे कमी पडते?”

हे त्याने गृहीत धरलंच नव्हतं. तो रडण्याची वाट पाहत होता. घाईत तोंडाला जे आलं ते तो बोलून गेला. “डाव्या पायात जोर नाही तुझ्या.”

“मग मी करते सराव,” ओदेत म्हणाली.

आणि तिने केला. तो सगळा उन्हाळा बेलमिरो कामावरून आला की विटांच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायचा. डाव्या पायाने, फक्त डाव्या पायाने. वरच्या मजल्यावरची सेन्योरा कोर्देइरो ओरडायची, तिच्या कपाटातल्या बश्या हलायच्या. भिंतीवर एका जागी विटांचा रंग उडून फिकट डाग पडला. अधूनमधून घामाने निथळत ओदेत वर यायची आणि दारातूनच विचारायची, “आता बघता का, पापा?”

तो गॅलरीत येऊन बघायचा. ती चेंडू मारायची आणि तो त्या फिकट डागावर जाऊन बसायचा, एकदा, दोनदा, सांगाल तितक्यांदा.

“अजून नाही,” तो म्हणायचा आणि आत जायचा.

त्याची बायको इर्मेलिंदा कोबीचं सूप ढवळता ढवळता त्याच्याकडे न बघता म्हणायची, “खरं सांगून टाक ना पोरीला. मला तळघरात सगळं ऐकू आलं होतं. तुमच्या क्लबाचं लाकूड पातळ आहे आणि तुमच्या लाउरेनोचा आवाज जाड.”

“होईल सवय तिला.”

“सवय तिला होईल. तुझं काय?”

सप्टेंबरात एक दिवस तो कामावरून आला आणि भिंत गप्प होती. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. ओदेत आत टेबलाशी बसून वह्यांना कव्हरं घालत होती. चेंडू कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही. बूट तिने शेजारच्या पोराला देऊन टाकल्याचं त्याला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी शाळेत मुलींनाही मुलांच्या बरोबरीने खेळू द्यावं, असा देशाचा कायदा झाला. क्लबात त्यावर बराच हशा पिकला. इर्मेलिंदाने वर्तमानपत्राचं ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

ओदेत शिकली, इस्पितळात रक्त तपासायच्या खात्यात लागली. तिने आयरिश घराण्यातल्या एका सुताराशी लग्न केलं आणि टेकडीपलीकडच्या त्याच गावात राहायला गेली. इर्मेलिंदा १९८८च्या हिवाळ्यात गेली. गिरणी बंद झाली, तिच्यात स्वस्त कपड्यांची दुकानं आली. राखेच्या मैदानावर त्या दुकानांचं गाडीतळ झालं. क्लब राहिला, पण तिथे पोरं येईनात. म्हातारे पत्ते खेळायचे आणि दूरचित्रवाणीवर लिस्बनचे सामने पाहायचे. अमेरिकेच्या संघाचा सामना असला की आवाज बंद करून ठेवायचे.

ओदेतच्या मुलीचं नाव ब्रेना. ती आठ वर्षांची झाली तेव्हा ओदेत एका शनिवारी बापाला तिचा खेळ बघायला घेऊन गेली. बेलमिरो गाडीतून उतरला आणि तसाच उभा राहिला. नजर पोचेल तिथवर हिरवीगार मैदानं, एकाला लागून एक, आणि प्रत्येकावर मुली. वेण्या उडताहेत, मोजे घसरताहेत, आया संत्र्याच्या फोडी वाटताहेत. दोरीमागे बाप उभे होते. तेच गाव, तशीच माणसं, फक्त आता घसा फोडून ओरडत होते. “शाब्बास, पुढे, पुढे.” ब्रेनाचा प्रशिक्षक विमा विकणारा होता आणि पुस्तक बघून शिकवत होता. चेंडू कुठे आहे ते त्याला कळायचं, कुठे जाणार आहे ते कळत नव्हतं.

“पोरींना फार आवडतो हा खेळ,” तो बेलमिरोला समजावून सांगू लागला. “अगदी आपला अमेरिकन खेळ झालाय आता. तुम्ही पाहिलाय का कधी?”

“थोडासा,” बेलमिरो म्हणाला.

ओदेत घडीच्या खुर्चीवर बसली होती. एक चेंडू बाहेर घरंगळत थेट तिच्या पायांशी आला. बेलमिरो तिच्या डाव्या पायाकडे पाहू लागला. ओदेत वाकली, चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि पळत आलेल्या मुलीच्या हातात दिला. पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते तिने. त्या दिवशी घरी येताना बेलमिरो गाडीत डोळे मिटून बसला, आणि ओदेतला वाटलं त्याला ऊन लागलं.

मग १९९९चा उन्हाळा आला. बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना कॅलिफोर्नियात होता आणि अमेरिकेचा संघ त्यात होता. ब्रेनाला सामना मोठ्या पडद्यावर बघायचा होता, म्हणून ओदेत तिला घेऊन क्लबात आली. क्लबात त्या दिवशी बसायला जागा नव्हती. लाउरेनोच्या हातात चक्क अमेरिकेचा कागदी झेंडा होता. स्टेडियममधली गर्दी पाहून तो म्हणाला, “काय पोरी आहेत आपल्या. बघा, बघा त्यांचं बळ.”

“आपल्या कधीपासून झाल्या?” पत्त्यांच्या टेबलावरून एकाने विचारलं.

“जिंकायला लागल्यापासून,” दुसऱ्याने सांगितलं, आणि सगळे खोकला लागेपर्यंत हसले.

सामना पेनल्टीवर आला. खेळाडू ओळीने उभ्या राहत होत्या तेव्हा ब्रेनाने सहज विचारलं, “आई, तू लहानपणी खेळायचीस का गं?”

“खेळायचे थोडीफार. आजोबाच शिकवायचे.” ओदेतची नजर पडद्यावरच होती. “पण मला काही जमलं नाही. डाव्या पायात जोर नव्हता.”

ती हे असं म्हणाली, जसं माणूस आपल्या डोळ्यांचा रंग सांगतो. राग नाही, तक्रार नाही. त्याचेच शब्द होते ते, जसेच्या तसे, आणि ती ते इतकी वर्षं स्वतःबद्दलचं खरं म्हणून बाळगत आली होती. पडद्यावर चेंडू जाळ्यात गेला, सगळा क्लब उभा राहिला, एकमेकांच्या गळ्यात पडला. बेलमिरो बसून राहिला.

आवाज जरा कमी झाल्यावर तो म्हणाला, “ब्रेना, तुझी आई या क्लबातल्या सगळ्या पोरांहून चांगली होती. मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगली.”

ओदेत हसली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “पापा, आता म्हातारपणी गोड बोलायला लागलात.”

“खरं सांगतोय. लाउरेनोला विचार.” तो काठी टेकत उठला आणि लाउरेनोला दंडाला धरून घेऊन आला. “सांग हिला. ती टेकडीपलीकडची पोरं आली होती तेव्हाचं सांग. बैठकीचं सांग.”

“कुठली बैठक?”

“ओदेतला आपण काढलं ती.”

लाउरेनोने ओदेतकडे पाहिलं, ब्रेनाकडे पाहिलं, मग हातातल्या झेंड्याकडे. त्याचे डोळे निर्मळ होते. तो खोटं बोलत असता तर बेलमिरोला कळलं असतं.

“आपल्या क्लबात पोरी कधी खेळल्या रे?” तो म्हणाला. “खेळल्या असत्या तर आपण काढलं असतं का? डोक्यावर घेतलं असतं. तुझी गोळी चुकली वाटतं सकाळची.”

आपण खेळायचो हे ओदेतला आठवत होतं, पण तिला का काढलं ते सांगणारं त्या काळचं बाकी कुणी गावात उरलं नव्हतं. पेद्रीन्यो कॅनडात गेला होता, त्याचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. इर्मेलिंदाला ठाऊक होतं, ती मातीखाली होती.

बेलमिरोने तरी सोडलं नाही. ऑगस्टमध्ये ओदेत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी सोडायला आली तेव्हा त्याने तिला मांडवाखाली बसवलं. द्राक्षं पिकली होती आणि माश्या घोंघावत होत्या. त्याने सगळं सांगितलं. दोरीमागचं हसणं, बैठक, आपला वर गेलेला हात. डाव्या पायाचं तोंडाला आलं म्हणून बोलून गेलो, हेही सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे पाहू शकला नाही. द्राक्षाच्या एका देठाकडे पाहत राहिला.

ओदेतने सगळं ऐकून घेतलं.

“हात वर केला असेल तुम्ही,” ती शेवटी म्हणाली. “त्याचं मला वाईट वाटत नाही, पापा. तेव्हा सगळे तसेच होते.”

“तू चांगली होतीस, ओदेत. एवढं तरी मान.”

“कसं मानू?” ती अगदी सावकाश बोलत होती, इस्पितळात घाबरलेल्या माणसाशी बोलावं तशी. “तुम्ही या खेळावर जीव टाकायचात. आई आजारी होती तेव्हासुद्धा तुम्ही आधी सामन्याचा निकाल विचारायचात. मी खरंच तेवढी चांगली असते तर तुम्ही मला सोडलं असतंत का? लाउरेनोशी भांडला असतात, क्लब सोडला असतात. मला तुम्ही माहीत आहात. तुम्ही चांगला खेळाडू कधी हातचा जाऊ दिला नसता.”

ती समजत होती तेवढे मोठे आपण नव्हतो, एवढंच बेलमिरोला सांगायचं उरलं होतं. ते सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तिच्या चेहऱ्यावर बापाबद्दलचा तो जुना विश्वास होता, आणि तो काढून घेतला तर त्या जागी ठेवायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

“ऊन फार आहे,” ओदेत म्हणाली. “आत चला. मी सूप गरम करते.”

ती पुढे गेली. जिना चढताना तिने नेहमीसारखा आधी डावा पाय टाकला. बेलमिरो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. तिने वरून हाक मारली, मग पुन्हा मारली, तेव्हा उठला.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. ब्रेनाच्या सामन्यांना तो जात राहिला, पाय चालत होते तोवर. पोरी चुकल्या तरी तो त्यांना मोठ्याने चांगलं म्हणायचा, आणि विमा विकणाऱ्याला वाटायचं की म्हाताऱ्याला खेळातलं फारसं कळत नाही.

बेलमिरो रेगो २००१ सालच्या मार्च महिन्यात, फॉल रिव्हरमधल्या आपल्या घरी वारला. ओदेत त्याच्याजवळ होती.